दोन खिडक्यांचा माउंट

मेहुण्याच्या मलमाच्या कारखान्यातून फ्रेमवाल्याकडे मोठं काम आलं, आणि तेही घाईचं. मेहुण्याचं प्रत्येक काम घाईचंच असे. कुंपणावर फुकट वाढणाऱ्या वेलीची पानं तेलात उकळायची आणि डबीत भरायची, यात घाई कसली, हे फ्रेमवाल्याला कधी कळलं नाही. पण आता मेहुण्याचं दालन उघडणार होतं. दुकान नव्हे, दालन. दुकानात माल विकतात. दालनात लोकांना आधी गादीच्या खुर्चीत बसवतात, काचेच्या पेल्यात कोमट पाणी देतात, भिंतीवरचे फोटो दाखवतात आणि मग माल विकतात. त्या भिंतीसाठी फोटो मढवून हवे होते.

गठ्ठ्यात फोटोंच्या जोड्या होत्या. एक मलम लावण्याआधीचा, एक नंतरचा. भाजलेला हात, मग तोच हात गुळगुळीत. सोललेला गुडघा, मग तोच गुडघा चकचकीत. प्रत्येक फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखला होता आणि सोबत चिठ्ठी होती: जोडीला एक काळा माउंट, त्याला दोन खिडक्या, चौकोनाच्या मापाच्या. चेहरे नकोत, आजूबाजूचं काही नको, फक्त जखम दिसावी.

फोटो आणि काच यांच्यामध्ये जो जाड पुठ्ठा बसतो, त्याला या धंद्यात माउंट म्हणतात. त्यात खिडकी कापतात. खिडकीतून दिसेल तेवढाच फोटो, बाकीचा पुठ्ठ्याच्या मागे राहतो. फ्रेमवाल्याने आयुष्यभर हेच केलं होतं. लग्नाच्या फोटोतला पुढे भांडण झालेला काका त्याने झाकला होता. ऑफिसच्या फोटोतून नको झालेला साहेब झाकला होता. एका बाईने तर खिडकी इतकी लहान कापून घेतली की फोटोत नवऱ्याचा फक्त खांद्यावरचा हात उरला. कुणाला काय झाकायचं असतं, हे त्याला लोकांच्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तो एकेक जोडी बघत गेला आणि नाक मुरडत गेला. सोललेला गुडघा महिन्याभरात बरा झाला म्हणे! त्याचे लहानपणीचे सगळे सोललेले गुडघे थुंकी लावून बरे झाले होते, आणि थुंकीसाठी कुणी दालन उघडलं नव्हतं.

शेवटची जोडी सगळ्यांत मोठी छापलेली होती. तिला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'ही मधोमध.'

तो पाय होता. टाचेच्या वर, चपलेचा पट्टा घासतो तिथे जखम. करंगळी बाहेर वळलेली. पाय एका बुटक्या स्टुलावर ठेवलेला, आणि ते स्टूल उरलेल्या फ्रेमपट्ट्या ठोकून केलेलं. असं स्टूल जगात एकच होतं, कारण इतकं वाईट सुतारकाम दुसऱ्या कुणी केलं नसतं. ते त्याने बायकोसाठी केलं होतं.

नंतरच्या फोटोत ती अख्खी होती. खुर्चीत रेलून बसलेली, पाय स्टुलावर, फोटो काढणाऱ्या लेकीकडे बघून तोंड उघडं टाकून हसत होती. पेन्सिलीचा चौकोन फक्त टाचेभोवती होता.

फ्रेमवाल्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं. गिऱ्हाईक आलं, काचेवर टकटक करून गेलं. त्याने लक्ष दिलं नाही.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. कारण काय, तर नवी चप्पल. चप्पल लागली. साखरेच्या आजारामुळे पायाला कळलंच नाही. कळलं तोवर टाचेला खड्डा पडला होता. दवाखान्यात एक ड्रेसिंग करणारी सिस्टर होती, आवाजाने कडक. ती जखमेत जाळीच्या कापडाची पट्टी कोंबायची आणि बजावायची, "वरून मिटू द्यायची नाही. तळापासून भरत वर आली पाहिजे. वेळ लागेल, किळस येईल, सहन करा."

मेहुण्याने हे ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "ताई, जखम उघडी ठेवायला सांगतात? मग हे लोक रात्री घराचं दारही उघडंच ठेवत असतील!" ताई हसली. हा धाकटा भाऊ तिनेच कडेवर वाढवलेला, त्याच्या कुठल्याही बोलण्यावर ती हसायची. फ्रेमवाला दवाखान्याचं म्हणाला, तेव्हा तिने त्यालाच गप्प केलं. "भावाच्या हातचं मलम आहे, परक्याचं थोडंच आहे?" पट्टी निघाली आणि मलम लागलं.

आणि मलमाने काम केलं. सगळ्यांत मोठी थट्टा तीच. मलम खोटं असतं, डबीत नुसतं हिरवं तेल असतं, तर बरं झालं असतं. जखम उघडी राहिली असती आणि ती झक मारत सिस्टरकडे परत गेली असती. पण त्या पानात काहीतरी होतं खरं. कडा भराभर सरकल्या, गुलाबी कातडी आली, टाच मिटली. मुलीने फोटो काढून मामाला पाठवला, मामाने तो साऱ्या नात्यात फिरवला. खाली काय साठत होतं ते कुणाला दिसलं नाही, वर झाकण छान बसलं होतं. त्याच आठवड्यात ताप आला, मग थंडी वाजून अंग थरथरू लागलं, मग दवाखाना. तिथे टाच पुन्हा उघडली तेव्हा आतून जे बाहेर आलं, त्याचा फोटो कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा स्वतः दुकानात आला. त्याच्या अंगाला आता कायम पाल्याचा वास येई. तो तो वास मिरवायचा.

"दाजी, पाहिलंत ना? मधोमध कोण आहे?"

"पाहिलं."

"मी ठणकावून सांगितलं सगळ्यांना. मधोमध माझी ताईच. पहिली पेशंट. तिच्याशिवाय ती भिंत मला बघवणार नाही."

"तिला विचारलंस?"

मेहुण्याने मान खाली घातली. ती किती वेळ घालायची हेही त्याला बरोबर कळे. मग तो म्हणाला, "तुमचा राग मला कळतो. पण खरं सांगा, जखम भरली होती की नाही? तुमच्या डोळ्यांदेखत."

"वरून मिटली होती."

"झालं तर! मलमाने आपलं काम केलं. ताई गेली ती साखरेने. रक्तात उतरलं तिच्या. आता रक्ताला मी मलम कसं लावणार?"

फ्रेमवाल्याने काउंटरवर फोटो पसरला. त्याच्याकडे पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे होते, खिडकी केवढी कापायची ते ठरवायला गिऱ्हाइकापुढे फोटोवर सरकवायचे. त्याने ते पेन्सिलीच्या चौकोनावर ठेवले. नुसती टाच दिसू लागली, बाळाच्या टाचेसारखी.

"हे तुझं दालन," तो म्हणाला. मग त्याने तुकडे बाजूला सारले. टाचेच्या वर घोटा सुजून टम्म झालेला, आणि पोटरीवरून गुडघ्याकडे चढत गेलेली एक लाल रेघ. "आणि हे काय?"

"सावली असेल, दाजी."

"फोटोवर पोट भरतो मी. सावली लाल नसते."

"तुम्ही ना..." मेहुणा थांबला. "पेशंटची ओळख झाकावी लागते. नियमच असतो तसा. म्हणून चौकोन."

"बहिणीचं तोंड गुप्त आणि टाच जाहीर. चांगला नियम आहे."

"उद्घाटन रविवारी आहे," मेहुणा दाराशी जात म्हणाला. "नातं बाजूला ठेवा, काम करून द्या. जमत नसेल तर सांगा, पलीकडच्या रस्त्यावरचा तयार आहे."

तो गेला. पाल्याचा वास मात्र बराच वेळ काउंटरला टेकून उभा होता.

दुपारी मेहुण्याच्या प्रयोगशाळेतली बाई आली. तिलाही दोन फोटो मढवायचे होते. त्यांत जखम नव्हती, ठिपक्यांची चादर पसरल्यासारखं काहीतरी होतं. एका फोटोत चादरीच्या मधून रुंद पट्टा कोरा, दुसऱ्यात तो पट्टा जवळजवळ बुजलेला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"कातडीच्या पेशी. बशीत वाढवायच्या, सुईने ओरखडा काढायचा, पानातलं द्रव्य घालायचं, आणि किती लवकर सरकतात ते बघायचं."

"आणि लवकर सरकतात?"

"सरकतात. साहेबांच्या पानाची चेष्टा करू नका, द्रव्य चांगलं आहे. थोडं घातलं तर पेशी धावतात, जास्त घातलं तर मरतात. पण मापात चांगलं आहे." तिचा आवाज कोरडा होता. चष्मा पुसत पुसत बोलायची.

"या ओरखड्याच्या खाली काय असतं?"

"प्लास्टिक."

फ्रेमवाला कडवट हसला. "म्हणजे माझ्या बायकोची टाच प्लास्टिकची असती तर वाचली असती."

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काउंटरवरचा फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. पोटरीवरच्या रेघेपाशी तिची नजर थांबली. तिने पेन्सिलीचा चौकोन पाहिला, आणि मग बराच वेळ हसणारा चेहरा.

"मला फक्त चौकोनातलं दाखवलं होतं," ती म्हणाली. "बशीत पू होत नाही. बशीला साखर नसते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डबीतल्या पत्रकात एक ओळ लिहून दिली होती, खोल जखमेवर लावू नये, साखरेच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये."

"मग?"

"मांडणीत बसली नाही म्हणे. तिथे वेलीचं चित्र आलं."

"वेलीला जागा आहे, माणसाला नाही." त्याने तिचे फोटो बाजूला ठेवले. "तुम्ही रविवारी असणार?"

"मला उभं राहून पेशी समजावून सांगायच्या आहेत," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर फ्रेमवाल्याला स्वतःसारखीच किळस दिसली.

संध्याकाळी जेवताना मुलगी ताटातच बघत होती. ती मामाच्याच ऑफिसात नोकरीला होती, डब्यांच्या ऑर्डरी बघायची. तिला सगळं आधीच ठाऊक होतं हे त्याला घास घेण्याच्या तिच्या पद्धतीवरून कळलं.

"बाबा, फोटो मी काढला होता."

"माहीत आहे."

"मामाला मीच पाठवला. खाली लिहिलं होतं, आई बरी झाली. पुढे तीन उद्गारचिन्हं."

"आनंदात माणूस चारही घालतो. त्यात काय."

"ती जोडी परत पाठवून द्या. भांडू नका. मामा आहे तो, आणि मला रोज तिथे जायचंय."

"परत पाठवली तर पलीकडच्या रस्त्यावरचा मढवेल. त्या गाढवाला काटकोन कापता येत नाही. तुझ्या आईची टाच वाकड्या खिडकीत लटकेल, आणि येणारा-जाणारा म्हणेल, वा, काय मलम आहे! मग त्यातला एखादा आपल्या आईला घेऊन येईल."

मुलीने त्याच्या ताटात भात वाढला, तो नको म्हणाला नव्हता तरी पुन्हा थोडा काढून घेतला. बायको असं करायची.

शनिवारी त्याने सगळे माउंट कापले. बाकीच्या जोड्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, मापाला केसभरही चूक नाही. मेहुण्याच्या कामात खोड काढायला जागा द्यायची त्याची इच्छा नव्हती. शेवटच्या माउंटची डावी खिडकीही त्याने आखल्याप्रमाणे कापली, त्यात उघडी जखम बसली. उजवी खिडकी कापताना त्याने पट्टी पेन्सिलीच्या चौकोनावर ठेवली, मग उचलली आणि फोटोच्या पार कडेला नेली. तेच माप पुठ्ठ्यावर घेऊन पातं एका दमात फिरवलं.

रविवारी दालनात गादीच्या खुर्च्या होत्या, पेले होते आणि पाहुणे होते. भिंतीवर सगळ्या फ्रेमा टांगल्या होत्या, मधली फ्रेम फ्रेमवाल्याने गुंडाळलेल्या कागदासकट. मेहुण्याने कामगारांना सांगितलं होतं, "दाजींनी पॅक करून पाठवलीय, कागद मीच काढीन." त्याला असले प्रसंग आवडत.

त्याने भाषण केलं. निसर्ग हा शब्द इतक्यांदा आला की फ्रेमवाल्याला भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या झाडाची दया आली. "आणि आता माझी पहिली पेशंट," असं म्हणून मेहुण्याने लोकांकडे तोंड ठेवूनच मागे हात नेला आणि कागद ओढला.

लोकांनी पाहिलं. डावीकडे जखम, उजवीकडे खुर्चीत बसून खळखळून हसणारी एक बाई. थोड्या टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीत पायाला फडकं बांधलेली एक म्हातारी होती, ती पुढे वाकली.

"अगंबाई, पण यांच्या पायावर ती लाल रेघ कसली?"

मेहुणा वळला. त्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं. "तो... प्रकाशाचा..."

"आत पू साठला होता," प्रयोगशाळेतली बाई आपल्या ठिपक्यांच्या फोटोशेजारून म्हणाली. जेवढ्या कोरड्या आवाजात ती पेशी समजावणार होती, तेवढ्याच. "वरून कातडी लवकर मिटली. मलमाने मिटली. खाली तसंच राहिलं."

"मग बऱ्या झाल्या का त्या?" म्हातारीने विचारलं.

मेहुणा फ्रेमकडे बघत होता. फ्रेमवाला तोंड उघडणार, तेवढ्यात ऑर्डरींच्या टेबलामागून मुलगी उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ती माझी आई. गेली ती. तुम्ही दवाखान्यात जा, आजी. हे तुमच्यासाठी नाही."

म्हातारीने हातातली डबी टेबलावर ठेवली आणि आपल्या लेकाला म्हणाली, "चल रे, उठव मला." बाकीच्यांनी घसे खाकरले, पेले खाली ठेवले, आणि मग ज्यांचे गुडघे खरचटले होते किंवा हात भाजले होते ते हळूहळू टेबलाकडे सरकले. मलम त्या दिवशीही विकलं गेलं. माणसाला स्वतःची जखम नेहमी वरवरचीच वाटते, हे फ्रेमवाल्याने भिंतीला टेकून नीट पाहून घेतलं.

मेहुण्याने मधली फ्रेम स्वतः उतरवली आणि तो मागच्या गोदामात गेला. फ्रेमवाला त्याच्या पाठोपाठ गेला. डब्यांच्या खोक्यांमध्ये दोघं उभे राहिले.

"नाक कापलंत माझं, दाजी. चारचौघांत."

"तुझं नाक येईल भरून. मलम आहे की घरचं."

फ्रेम मेहुण्याच्या हातात होती आणि तो तिच्याकडे बघत होता. "चौकोन डिझाइनवाल्याने आखले," तो शेवटी म्हणाला.

"आणि अख्खा फोटो तू कधी पाहिलास?"

"तेव्हा पाहिला होता, मोबाइलवर. नुसती टाच मोठी करून पाहिली. भरली म्हटल्यावर..." त्याने काचेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याचा तेलकट डाग तिच्या चेहऱ्यावर उमटला आणि तो बाहीने पुसायला लागला तसा आणखी पसरला. "ही हसत होती, हे मी पाहिलंच नव्हतं."

फ्रेमवाल्याने त्याच्या हातातून फ्रेम काढून घेतली. मेहुण्याला रडायला खांदा हवा होता, ते स्पष्ट दिसत होतं. फ्रेमवाल्याने तो दिला नाही. "ती ओळ पत्रकात घाल," तो म्हणाला.

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. घालतो म्हण."

"घालतो, दाजी."

घातली. पुढच्या डब्यांत ती ओळ आली, इतकी बारीक की वाचायला भिंग लागावं. वेलीचं चित्र जसंच्या तसं होतं. मधल्या खिळ्यावर मेहुण्याने घड्याळ लावलं. प्रयोगशाळेतल्या बाईने दुसरीकडे नोकरी धरली. मुलगी मात्र तिथेच राहिली, आणि ऑर्डर घेताना प्रत्येकाला फोनवर विचारू लागली, साखर आहे का, जखम खोल आहे का. त्यामुळे विक्री घटते म्हणून मामा कुरकुर करतो, ही बातमी ती घरी येऊन चवीने सांगे.

फ्रेम बरेच दिवस दुकानात भिंतीकडे तोंड करून उभी होती. एका दुपारी मुलगी डबा घेऊन आली, तेव्हा त्याने ती उघडून काउंटरवर घेतली होती. डावीकडचा जखमेचा फोटो त्याने काढून टाकला होता. काचेवरचा तेलकट डागही पुसला होता. तो दोन काटकोनी तुकडे फोटोवर सरकवत होता. पाय झाकला, मग स्टूल झाकलं, मग खुर्चीची पाठ. शेवटी नुसता हसणारा चेहरा उरला.

"नवा माउंट करतो," तो म्हणाला. "घरात लावायला. एकच खिडकी."

मुलगी जवळ येऊन बघत राहिली. "छान दिसतेय."

"छानच होती."

"पण हे मामासारखंच झालं, बाबा."

त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. असल्या तुलनेची त्याला सवय नव्हती. मुलीने हात पुढे केला आणि खालचा तुकडा हळूच ओढला. चेहऱ्याखाली हात आले, मग गुडघा, मग ती रेघ, सुजलेला घोटा, मिटलेली टाच.

"पाय राहू दे," ती म्हणाली. "तोही तिचाच आहे."

फ्रेमवाल्याने पेन्सिल कानामागून काढली.

"मग स्टूलही येईल."

"येऊ दे."

"वाकडं आहे म्हणायची ती."

"वाकडंच आहे, बाबा."

"हो," तो म्हणाला, आणि त्याने पट्टी फोटोच्या कडेला लावली.